न पडलेल्या पावसाची नोंद

आण्णा, म्हणजे माझे वडील, भीमेच्या खोऱ्यातल्या एका तालुका कचेरीत कारकून होते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या अंगावर एक जादा काम असे. कचेरीच्या आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. पाच इंच तोंडाचं नरसाळं आणि त्याखाली बाटली, एवढीच त्याची मांडणी. सकाळी साडेआठाला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा आणि जिल्ह्याला कळवायचा. लहानपणी मी कित्येकदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. मोजून झालेलं पाणी ते फेकत नसत, कुंपणाबाहेरच्या तगरीच्या बुंध्याशी ओतत.

मी अभियंता नाही, हवामानशास्त्रज्ञही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका पतपेढीत हिशेब लिहिण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मात्र पावसाच्या आकड्यांचं वेड आण्णांकडून आलं. काही वर्षांपूर्वी परवानगी घेऊन मी त्या जुन्या नोंदवह्या हातानं उतरवून काढायला लागलो. हिशेबनिसाच्या डोळ्याला एक सवय असते, आकड्यांच्या रांगेत खोटा आकडा उभा असला की तो खुपतो. १९८३ च्या सप्टेंबरात असे चार आकडे मला खुपले. १०.०, ५.०, १०.०, ०.०. आजूबाजूला ७.४, १२.६, ३.२ असे खरे, ओबडधोबड आकडे आणि मध्येच हे चार गुळगुळीत. तारखा पाहिल्या आणि लक्षात आलं, त्याच आठवड्यात आजी वारली होती आणि आम्ही सगळे गावी होतो.

वही घेऊन मी आण्णांकडे गेलो.

"आण्णा, हे चार आकडे तुमच्याच हातचे ना?"

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "अक्षर माझंच. मोजलेले नाहीत."

"मग?"

"रकाना रिकामा दिसला की वरून विचारणा यायची. परत आल्यावर चार जणांना विचारलं, पाऊस कसा होता म्हणून. त्यावरून लिहिले." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हे तू कुठं छापणार आहेस का?"

मी गप्प बसलो. कारण त्याच दिवसांत मी अशा माणसांबद्दल वाचत होतो, ज्यांनी चार दिवसांचा नव्हे तर हजार हजार वर्षांचा न पडलेला पाऊस कागदावर उतरवला होता आणि त्यावर धरणं उभी केली होती. त्यांना कुणी खोटारडे म्हटलं नाही. मग आण्णांच्या चार आकड्यांत आणि त्यांच्या हजार वर्षांत फरक कोणता? हा लेख त्या प्रश्नामागे लागूनच लिहिला आहे.

१.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'कृत्रिम पाऊस' म्हटलं की आपल्याकडे विमान आणि ढगात फवारलेली रसायनं आठवतात. महाराष्ट्रात २००३ आणि २०१५ साली तसे प्रयोग झाले. मी बोलतो आहे तो पाऊस आकाशातून पडत नाही, तो फक्त आकड्यांत असतो. एखाद्या ठिकाणच्या खऱ्या नोंदींचा स्वभाव अभ्यासून, त्याच स्वभावाची पण प्रत्यक्षात न घडलेली वर्षं तयार करायची, याला कृत्रिम पर्जन्यमालिका म्हणतात. नदीच्या प्रवाहाबाबत असंच केलं तर ती कृत्रिम प्रवाहमालिका.

हे करायची गरज का पडली? धरण किती मोठं बांधायचं, हा साधा प्रश्न घ्या. १८८३ साली रिप्ल नावाच्या अभियंत्यानं त्याचं एक सुटसुटीत उत्तर दिलं. नदीत दरवर्षी आलेलं पाणी एकापुढे एक मिळवत जायचं, शहराची गरजही तशीच मिळवत जायची, आणि दोन्ही रेषांत सगळ्यांत मोठी तूट जिथं दिसेल तेवढी साठवण धरायची. माझ्या भाषेत सांगायचं तर जमाखर्चाची खतावणी. आजही ही पद्धत शिकवली जाते.

पण या खतावणीत एक खोट आहे. ती घडून गेलेल्या वर्षांचाच हिशेब करते, आणि घडलं त्याच क्रमानं करते. तुमच्याकडे तीस वर्षांच्या नोंदी असल्या तर त्या तीस वर्षांत आलेला सगळ्यांत वाईट काळ हाच तुमच्यासाठी जगातला सगळ्यांत वाईट काळ. धरण मात्र शंभर वर्षं उभं राहणार असतं. पुढची शंभर वर्षं मागच्या तीस वर्षांची नक्कल करणार नाहीत, हे तर शेतात राबणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

२.

यावर पहिला मोठा उपाय शोधला तो अमेरिकेतल्या अ‍ॅलन हेझन या अभियंत्यानं, १९१४ साली. एका नदीच्या नोंदी तोकड्या आहेत ना, मग अनेक नद्यांच्या नोंदी जोडूया, असा त्याचा विचार. प्रत्येक नदीचा वार्षिक प्रवाह तिच्याच सरासरीच्या पटीत मांडला की लहानमोठ्या नद्या एका मापात येतात. अशा १४ नद्यांच्या नोंदी एकापुढे एक ठेवून त्यानं ३०० वर्षांची मालिका तयार केली. युक्ती चांगली होती, पण शेजारशेजारच्या नद्यांवर दुष्काळ एकदमच येतो. चौदा साक्षीदार दिसले तरी ते एकाच घटनेबद्दल बोलत असतात, हे तिच्यातलं न्यून.

१९२७ साली चार्ल्स सडलर यानं चक्क पत्ते वापरले. एका नदीचे ५० प्रातिनिधिक वार्षिक प्रवाह त्यानं ५० पत्त्यांवर लिहिले, पिसले आणि एकेक उलटत गेला. पन्नास पत्ते संपले की पुन्हा पिसायचे. असे वीस डाव मांडून हजार वर्षं झाली. मी हे वाचलं तेव्हा घरातल्या जुन्या पत्त्यांवर कागद चिकटवून तसंच करून पाहिलं. दोन डावांतच अडचण कळते. क्रम बदलतो, दोन वाईट वर्षं शेजारी येतात, कधी तीनही येतात, आणि ही गोष्ट खतावणीत कधी दिसली नसती. पण पत्त्यांवर आहे त्यापेक्षा वाईट वर्ष कधीच येत नाही. शिवाय दर पन्नास वर्षांची बेरीज तंतोतंत सारखी भरते. निसर्ग इतका चोख हिशेबनीस नाही.

पत्त्यांच्या पलीकडे जायला यादृच्छिक, म्हणजे कसलाही नियम नसलेल्या अंकांची गरज होती. सडलरच्याच वर्षी, १९२७ साली, इंग्लंडमध्ये टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचा तक्ता प्रसिद्ध केला होता. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संख्या' या नियतकालिकात १९३४ साली असाच एक तक्ता दिला. त्यातले आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले होते. महालनोबिसांनी त्याआधी उत्तर बंगालच्या १९२२ च्या आणि ओरिसाच्या १९२६ च्या पुरांचा सांख्यिकी अभ्यास केला होता, हे इथं आवर्जून नोंदवावंसं वाटतं.

अशा तक्त्यांचा पाण्यासाठी उपयोग १९५४ साली ऑस्ट्रेलियात बार्न्स यांनी केला. मेलबर्न शहराला पाणी देणाऱ्या यारा नदीच्या वरच्या अंगाला धरण होणार होतं. बार्न्स यांनी नदीची सरासरी आणि तिच्या चढउताराचं माप घेतलं, आणि यादृच्छिक अंकांच्या साह्यानं हजार वर्षांचे प्रवाह तयार केले. आता पूर्वी कधी न आलेलं वर्षही येऊ शकत होतं, पण नदीच्या स्वभावाला धरून. पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जलनियोजनाचा मोठा अभ्यासक्रम चालला. त्यातून १९६२ साली निघालेल्या ग्रंथात थॉमस आणि फीअरिंग यांनी महिन्यामहिन्याचे प्रवाह संगणकावर घडवण्याची पद्धत मांडली. प्रत्येक महिन्याची सरासरी वेगळी, चढउतार वेगळा, आणि प्रत्येक महिन्यावर आदल्या महिन्याची सावली. जुलैत जमीन भिजलेली असेल तर ऑगस्टच्या पावसाचं पाणी नदीत लवकर उतरतं, ही गोष्ट पहिल्यांदाच नीट हिशेबात आली.

३.

ही 'आदल्याची सावली' म्हणजे या शास्त्राचं मर्म आहे, आणि तिच्या गणिताचा एक धागा भारतातून जातो. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे महासंचालक होते. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या हवामानाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. इंग्लंडला परतल्यावर, १९३१ साली, त्यांनी यूल यांचं काम पुढे नेत आजचा आकडा कालच्या आकड्यावर किती अवलंबून असतो हे काढण्याची समीकरणं मांडली. ती यूल-वॉकर समीकरणं म्हणून ओळखली जातात. कृत्रिम प्रवाहमालिका घडवणाऱ्याला ती आजही लागतात.

रोजच्या पावसाबाबत हेच काम गॅब्रिएल आणि नॉयमन या दोघांनी १९६२ साली केलं. तेल अविव शहराच्या २७ हिवाळ्यांतले, डिसेंबर ते फेब्रुवारीचे २,४३७ दिवस त्यांनी तपासले. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यांना दिसलं ते असं : काल कोरडा दिवस असेल तर आज पाऊस पडण्याची शक्यता ०.२५०, आणि काल पाऊस असेल तर आज पडण्याची शक्यता ०.६६२.

हे समजून घ्यायला संगणक लागत नाही. दोन पिशव्या घ्या. पहिली कोरडी पिशवी, तिच्यात चार चिठ्ठ्या, तिघींवर 'कोरडा' आणि एकीवर 'पाऊस'. दुसरी ओली पिशवी, तिच्यात तीन चिठ्ठ्या, दोघींवर 'पाऊस' आणि एकीवर 'कोरडा'. काल कोरडा असेल तर पहिल्या पिशवीत हात घालायचा, पाऊस असेल तर दुसऱ्या. निघेल ते लिहायचं, चिठ्ठी परत टाकायची. तेल अविवचा हिवाळा तयार. या खेळात कोरड्या दिवसांची ओळ सरासरी चार दिवसांची आणि पावसाची झड सरासरी तीन दिवसांची निघते. म्हणजे सातात तीन दिवस पाऊस. खऱ्या नोंदींत २,४३७ पैकी १,०३८ दिवस ओले होते, प्रमाण जवळजवळ तेच. पाऊस किती पडला हे ठरवायला तिसरी पिशवी लागते. तिच्यात बारीक सरींच्या चिठ्ठ्या पुष्कळ आणि मुसळधार पावसाच्या अगदी थोड्या.

मी हा खेळ पुतणीबरोबर खेळलो. एकदा कोरडी पिशवी काही केल्या पावसाची चिठ्ठी देईना. अकरा दिवस झाले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "काका, पिशवी बिघडलीय." बिघडली नव्हती. चारात तीन चिठ्ठ्या कोरड्या असल्यावर असंही होतं, आणि पेरणी करून बसलेल्या माणसाला ते चांगलं माहीत असतं.

तेल अविवच्या पिशव्या आपल्याकडे चालणार नाहीत, हे उघड आहे. आपल्याकडे तर जूनच्या पिशव्या सप्टेंबरलाही चालत नाहीत. मालिका घडवणारे म्हणूनच प्रत्येक महिन्याच्या वेगळ्या पिशव्या करतात. आपला शेतकरी पाऊस नक्षत्रांनी सांगतो. मृगाचा वेगळा, आश्लेषांचा वेगळा, हस्ताचा वेगळा. तेरा-चौदा दिवसांची ही वाटणी पाहिली की वाटतं, पिशव्या करायची कल्पना त्याला कुणी शिकवायला नको होती. आमच्या बाजूला ज्वारीचं कोठार भरतं ते उत्तरेच्या पावसावर. मृगाच्या पिशवीत हात घालून शाळूचा अंदाज बांधणारा फसणारच.

४.

तरीही पिशव्यांना एक मोठा दोष आहे. त्यांना फक्त कालचं आठवतं. परवाचं, गेल्या वर्षीचं काहीच आठवत नाही. त्यामुळे पिशव्यांतून निघालेली वर्षं बरीचशी एकसारखी असतात. खऱ्या पावसात वर्षावर्षांत जेवढी तफावत असते तेवढी त्यांच्यात येत नाही. १९७२ पिशवीतून सहजी निघत नाही. आणि १९७२ हे एकटं वर्षही नव्हतं, त्याच्या आधीची दोन वर्षंही हात आखडून गेलेली होती. अलीकडचं उदाहरण २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या वर्षांचं. त्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. एक वाईट वर्ष धरण सोसतं. दुसऱ्या वर्षी ते उघडं पडतं.

वाईट वर्षं घोळक्यानं येतात, ही गोष्ट आकड्यांत पकडली ती हॅरल्ड हर्स्ट यांनी. १९०६ साली ते इजिप्तला गेले आणि पुढची बरीचशी हयात त्यांनी नाईल नदीत घालवली. कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या नीलमापकाच्या नोंदी इसवी सन ६२२ पासूनच्या आहेत. एवढी जुनी खतावणी जगात क्वचितच कुठल्या नदीची असेल. हर्स्ट यांनी नद्या, तलाव, पाऊस, झाडांची वलयं, गाळाचे थर अशा शेकडो मालिका तपासल्या आणि १९५१ साली निष्कर्ष मांडला. वर्षं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असती, तर शंभर वर्षांचा चढउतार सपाट करायला वार्षिक विचलनाच्या साडेबारापट साठवण पुरली असती. हर्स्ट यांच्या सूत्रानं ती सुमारे सतरापट लागते. योगायोगाच्या हिशेबावर बांधलेलं धरण तेवढ्या अंतरानं अपुरं पडणार.

गंमत म्हणजे हर्स्टही पत्तेच खेळले. एक, तीन, पाच, सात असे धन आणि ऋण आकडे लिहिलेले बावन्न पत्ते त्यांनी केले. पण वाटलेल्या हातात मुद्दाम पक्षपात ठेवायचा, कधी चांगल्या पत्त्यांच्या बाजूनं, कधी वाईट, आणि त्यात एक जोकर घालायचा. जोकर निघेपर्यंत त्याच हातातून खेळायचं, निघाला की नवा हात. जोकर कधी निघेल हे कुणालाच माहीत नाही. या डावातून निघालेली मालिका नाईलसारखी वागली. १९६८ साली मँडेलब्रॉट आणि वॉलिस यांनी या घोळक्याच्या स्वभावाला बायबलमधल्या योसेफाचं नाव दिलं, सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची वर्षं सांगणाऱ्या योसेफाचं. अवचित येणाऱ्या महापुराला त्यांनी नोहाचं नाव दिलं.

आपल्याला योसेफाकडे जायची गरज नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेनं बारा वर्षांचा, १३९६ ते १४०७ असा सांगितला जातो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती गोष्ट आमच्या भागात अजून पोरांना सांगतात. या आठवणींना पर्जन्यमापकाचा पुरावा नाही, पण जोकर लवकर न निघालेले डाव लोकांनी लक्षात ठेवले आहेत, एवढं तरी त्यांतून कळतं.

५.

आता आपल्या नदीकडे येऊ. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात धरणं बांधणाऱ्यांपुढे नदीच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. होता तो पाऊस. त्यामुळे पावसावरून नदी ओळखायची विद्या इथं वाढली. स्ट्रेंज या अभियंत्यानं बरं, मध्यम आणि वाईट पाणलोट अशी वर्गवारी करून तक्ते केले. १९२९ साली इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या मोजमापांवरून सूत्रं दिली. घाटमाथ्यासाठी वेगळं सूत्र, दख्खनच्या पठारासाठी वेगळं.

पठाराचं सूत्र मी स्वतः सोडवून पाहिलं आणि दचकलो. वर्षाचा पाऊस ५० सेंटिमीटर असेल तर नदीला मिळतं सुमारे ६.३ सेंटिमीटर. पाऊस ६० झाला तर १० सेंटिमीटर. पाऊस ४० वर आला तर फक्त साडेतीन. म्हणजे पावसात वीस टक्क्यांची घट झाली तर नदीतलं पाणी पंचेचाळीस टक्क्यांनी घटतं. जमीन आधी आपलं पोट भरते, उरलं तर नदीला देते. म्हणूनच सरासरी पावसावर केलेला हिशेब पठारावर फसवा ठरतो. पावसाचा चढउतार जसाच्या तसा घडवता आला पाहिजे. कृत्रिम मालिकेची खरी कसोटी हीच आहे.

याचं मोल किती, ते कृष्णेच्या पाणीवाटपात दिसतं. बच्छावत लवादानं सत्तरच्या दशकात कृष्णेचं पाणी ठरवलं ते १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या मालिकेवरून. चारातल्या तीन वर्षी तरी मिळेल असं, म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी निघालं २,०६० टीएमसी. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८०० अशी त्याची वाटणी झाली. २०१० साली ब्रिजेशकुमार लवादानं १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांची मालिका घेतली. त्याच ७५ टक्क्यांना पाणी निघालं २,१७३ टीएमसी. फरक ११३ टीएमसीचा. आमच्या उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. म्हणजे नदी तीच, कसोटी तीच, आणि मोजायला घेतलेली वर्षं बदलली की जवळजवळ एक उजनी कमी किंवा जास्त होते.

या फरकाला एकच कारण नाही. वरच्या अंगाला वापरलं गेलेलं पाणी अंदाजानं हिशेबात परत मिळवावं लागतं, त्यातही चूक शिरते. पण असा विचार करा, की कृष्णेच्या स्वभावाच्या ७८ वर्षांच्या हजार मालिका घडवल्या आणि प्रत्येकीतून ७५ टक्क्यांचं पाणी काढलं. हजार आकडे मिळतील. त्यांचा पसारा पाहिला की समजेल, २,०६० हा आकडा दगडावर कोरलेला नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी जागा आहे. एक आकडा घेऊन राज्यं भांडतात. पसारा समोर ठेवला तर निदान कशावरून भांडायचं ते तरी नीट कळेल, असं मला वाटतं.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या वाटपाची गोष्ट याहून कडू आहे. १९२२ च्या करारानं वरच्या आणि खालच्या खोऱ्यांना मिळून वर्षाला दीड कोटी एकर-फूट पाणी वाटून दिलं. हिशेबाला घेतलेली वर्षं नेमकी ओली होती. १९७६ साली झाडांच्या वलयांवरून अंदाज बांधला गेला, तेव्हा दीर्घकालीन सरासरी सुमारे १ कोटी ३५ लाख एकर-फूटच निघाली. नसलेलं पाणी वाटून झालं होतं.

६.

आता कृत्रिम मालिकेच्या मर्यादा, कारण त्या लपवल्या तर ती खरोखरच खोटी ठरेल. पहिली मर्यादा अशी, की ती नवी माहिती देत नाही. तीस वर्षांच्या नोंदींत जेवढं आहे तेवढंच हजार वर्षांत असतं, फक्त त्याचे परिणाम उलगडून दिसतात. दूध पातळ असेल तर कितीही घुसळलं तरी लोणी वाढत नाही. दुसरी, पिशव्या कशा भरायच्या हे माणूस ठरवतो. हर्स्टचा जोकर घालायचा की नाही, यावर धरणाची उंची बदलते. तिसरी सध्याची. उद्याचा पाऊस कालच्याच स्वभावाचा असेल, हे गृहीतच आता डळमळलं आहे. २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गृहीत मेलं असं जाहीर केलं. आता हवामानबदलाचे अंदाज घेऊन पिशव्यांतल्या चिठ्ठ्या बदलाव्या लागतात.

या सगळ्या मर्यादा त्या शास्त्रात उघडपणे सांगितल्या जातात, आणि आण्णांच्या चार आकड्यांचं उत्तर मला इथंच सापडलं. बार्न्स यांच्या हजार वर्षांवर 'ही घडवलेली आहेत' अशी पाटी आहे. कुठल्या नोंदींवरून, कुठल्या नियमानं, हे कुणीही तपासू शकतो आणि दुसऱ्या अंकांनी दुसरी हजार वर्षं घडवू शकतो. ती वर्षं कुठल्याही तारखेवर दावा सांगत नाहीत. आण्णांचे चार आकडे मात्र तारखांवर बसले आणि मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत मोजलेले म्हणून उभे राहिले. शेजारच्या तालुक्यांच्या प्रमाणावरून गाळलेला दिवस भरून काढायची रीत आहे, पण तीतही 'भरलेला' अशी खूण करावी लागते.

चार दिवसांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण आण्णांनी लिहिलेल्या १०.०, ५.०, १०.० मुळे माझ्या ओल्या पिशवीत पावसाच्या चिठ्ठ्या पडतात, न झालेली एक तीन दिवसांची झड कायमची त्या तालुक्याच्या स्वभावात शिरते. आज मंडळामंडळांतल्या स्वयंचलित यंत्रांच्या आकड्यांवर पीकविम्याचे पैसे ठरतात. तिथं न मोजलेला एक दिवस कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेची भरपाई असू शकतो.

मला आण्णांना दोष द्यायचा नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीतले बाकीचे सगळे आकडे त्यांनी भर पावसात छत्री धरून मोजले आहेत, आणि आई गेलेल्या माणसाला रिकामा रकाना ठेवायची मुभा नव्हती. दोष त्या रकान्याचा. 'मोजलं नाही' असं लिहायला त्याच्यात जागाच नव्हती.

माझी उतरवलेली प्रत पुरी झाली तेव्हा ती आण्णांना दाखवली. १९८३ च्या सप्टेंबरचं पान त्यांनी आपणहून काढलं. ते चार रकाने मी कोरे ठेवले होते आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : मोजणारा गावी नव्हता. ते वाचून बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्सिल पुसली जाते. शाईनं लिही."

मी त्यांच्यासमोरच शाईनं लिहिलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही मग देता आलं, की होय, छापणार आहे.